फाइट ‘फिक्स’ होती म्हणण्याआधी ती स्वतः कशी मोजायची

लास वेगासला शनिवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ असते, मेन फाइटचा निकाल साधारण साडेनऊ-दहाला लागतो आणि पोहे संपायच्या आत दादरपासून डोंबिवलीपर्यंत सगळ्यांच्या ग्रुपवर एकच शब्द फिरायला लागतो, फिक्स. क्रिकेटने आपल्याला ही सवय लावलीय, २००० चं क्रोनिए प्रकरण आणि २०१३ चं आयपीएलचं स्पॉट फिक्सिंग आपण पेपरात रोज वाचलंय, त्यामुळे संशय येणं साहजिक आहे. पण बॉक्सिंगमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. एक, फाइट खरंच अटीतटीची होती आणि आपला माणूस थोडक्यात हरला. दोन, जजने वाईट जजिंग केलं. तीन, कुणीतरी पैसे देऊन किंवा धमकावून निकाल ठरवला. तिन्ही तपासायची पद्धत वेगळी आहे आणि पहिली पायरी प्रत्येक वेळी एकच, फाइट स्वतः मोजायची.

नियम आधी. प्रो बॉक्सिंगमध्ये तीन जज असतात आणि प्रत्येक राउंड वेगळा मोजला जातो. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. एक नॉकडाऊन (ठोसा खाऊन खाली पडणं) झाला की सहसा १०-८, दोन झाले तर १०-७. रेफरीने फाउलसाठी गुण कापला तर तो त्या राउंडमधून वेगळा वजा होतो. १०-१० देता येतो पण जजना तो टाळायला सांगतात. पुरुषांची वर्ल्ड टायटल फाइट १२ राउंडची असते. म्हणजे नॉकडाऊन नाही, गुण कापला नाही, बरोबरीचा राउंड नाही, तर दोघांची बेरीज नेहमी २२८ येणार. ही बेरीज लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येते.

राउंड कोणाला द्यायचा हे चार गोष्टींवर ठरतं: स्वच्छ लागलेले ठोसे, परिणाम करणारं आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. यातली पहिली गोष्ट सगळ्यात मोठी, बाकीच्या तीन बऱ्याचदा फक्त तेव्हाच बघायच्या जेव्हा ठोशांवरून फरक कळत नाही. घरी बघणाऱ्यांचा सगळ्यात जास्त घोळ दुसऱ्या गोष्टीत होतो. पुढे चालत राहणं म्हणजे आक्रमण नाही, पुढे चालत येऊन तोंडावर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, खात असेल तर राउंड जॅब मारणाऱ्याचा आहे, कितीही शूर वाटला तरी.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. एक कोरा कागद आणि पेन घ्या, मोबाइलमध्ये नोट्सवर करू नका कारण मोबाइल हातात आला की मेसेज येणार आणि मेसेजमध्ये कुणीतरी ‘काय धुतोय याला’ लिहिलेलं असणार आणि ते वाचलं की पुढचा राउंड तुम्ही त्या माणसाच्या डोळ्याने बघणार. कागदावर बारा ओळी आखा, तीन रकाने, दोन बॉक्सरांचे आणि एक शेऱ्याचा. आवाज पूर्ण बंद करा. हे लोकांना पटत नाही पण करून बघा, कॉमेंटेटरने दुसऱ्या राउंडमध्येच एक गोष्ट पकडलेली असते, हा म्हातारा झालाय किंवा तो आज भारी दिसतोय, आणि मग तो फक्त तेच दाखवत राहतो. घरच्या मैदानावरचं पब्लिक तर गार्डवर, म्हणजे बचावासाठी धरलेल्या हातांवर, आदळलेल्या ठोशालाही ओरडतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात चॅनलच्या तज्ज्ञाचं स्कोअरकार्ड येतं, त्यावर पट्टी चिकटवा नाहीतर त्या वेळी नजर काढा.

राउंड चालू असताना एकाच बॉक्सरकडे बघू नका. आपला आवडता असला की नजर त्याच्या हातांवर जाते, तो किती मारतोय हे दिसतं आणि किती खातोय ते दिसत नाही. नजर दोघांच्या मध्ये ठेवा आणि ठोसा कुठे पोचला ते बघा. ग्लोव्हवर, कोपरावर, खांद्यावर लागलेला ठोसा मोजायचा नाही, आवाज कितीही मोठा आला तरी. डोकं मागे झटकलं, पाय थांबले, घाव पडल्यावर हात खाली आले, या खुणा खऱ्या. पोटावरचे आणि बरगड्यांवरचे ठोसे टीव्हीवर जवळजवळ दिसतच नाहीत कारण कॅमेरा वरून असतो आणि दोघं चिकटलेले असतात, तर क्लिंचच्या (एकमेकांना मिठी मारून अडकवण्याच्या) आधीच्या सेकंदाकडे मुद्दाम लक्ष द्या. आणि शेवटची वीस-तीस सेकंद. हुशार बॉक्सर अडीच मिनिटं गप्प राहतो आणि घंटा व्हायच्या आधी दहा-बारा ठोसे सोडतो, त्यातले सात गार्डवर जातात, पण बघणाऱ्याच्या डोक्यात तेवढंच राहतं. पहिल्या दोन मिनिटांत काय झालं ते विसरू नका, त्यासाठी राउंडच्या मध्येच कागदावर एखादी खूण मारत जा.

घंटा झाली की लगेच लिहायचं. मधल्या एका मिनिटात रिप्ले दाखवतात, तो बघायच्या आधी लिहायचं कारण जजकडेही रिप्ले नसतो. आणि एकदा लिहिलेलं परत बदलायचं नाही. खऱ्या जजचं कार्डही प्रत्येक राउंडनंतर गोळा करतात, नवव्या राउंडला बसून तिसरा राउंड दुरुस्त करता येत नाही त्याला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या मते याच्याशिवाय बाकी सगळं फुकट आहे. जो राउंड कोणालाही देता आला असता असं मनापासून वाटतं त्याच्यासमोर शेऱ्याच्या रकान्यात फुली मारा. फाइट संपल्यावर फुल्या बाजूला काढा आणि फक्त पक्के राउंड मोजा. समजा पहिल्याचे पक्के चार, दुसऱ्याचे पक्के तीन आणि पाच फुल्या. म्हणजे पहिला जास्तीत जास्त ११७-१११ ने जिंकतो आणि कमीत कमी धरला तर ११२-११६ ने हरतो. या मधलं कुठलंही कार्ड आलं तर ते तुम्हाला आवडो न आवडो, ती चोरी नाही. पण पहिल्याचे पक्के आठ, दुसऱ्याचे पक्के दोन आणि फुल्या फक्त दोन असतील, तर फुल्या दोन्ही दुसऱ्याला दिल्या तरी पहिला ११६-११२ ने जिंकायला हवा. तिथे निकाल उलटा लागला तर मात्र ओरडा, मीही तुमच्यासोबत ओरडेन.

१६ सप्टेंबर २०१७ ची कॅनेलो विरुद्ध गोलोव्हकिन पहिली फाइट घ्या, सरावाला याच्यासारखी फाइट नाही. तीन कार्ड आली: एकाचं ११५-११३ गोलोव्हकिन, एकाचं ११४-११४, आणि अ‍ॅडलेड बर्डचं ११८-११० कॅनेलो. ड्रॉ. बर्डच्या कार्डचा अर्थ कॅनेलोने बारापैकी दहा राउंड जिंकले, आणि कुठल्याही प्रामाणिक कागदावर फुल्या कितीही उदार होऊन मारल्या तरी दहा येत नाहीत. सगळं जग तिच्यावर तुटून पडलं, बरोबरच होतं. पण पुढचं कोणी बघितलं नाही. सातवा राउंड बर्डने गोलोव्हकिनलाच दिला होता, आणि ११४-११४ वाल्या जजने तो कॅनेलोला दिला. तो एक राउंड त्याने गोलोव्हकिनला दिला असता तर त्याचंही कार्ड ११५-११३ झालं असतं आणि बर्डचं कार्ड तसंच ठेवूनही गोलोव्हकिन स्प्लिट डिसिजनने (दोन जज एकाकडे, एक दुसऱ्याकडे) जिंकला असता. म्हणजे सगळ्यात भडक कार्डवर लक्ष गेलं आणि निकाल तितकाच फिरवणारा राउंड शांत दिसणाऱ्या कार्डात होता. म्हणून एकूण आकडा बघून थांबू नका, तिन्ही कार्ड राउंडवार मिळवा, मोठ्या फाइटनंतर ती प्रसिद्ध होतात, आणि आपल्या कागदाशेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा.

बेरजेचं काम कसं होतं ते आपल्या वरळीच्याच फाइटवर बघू. ५ ऑगस्ट २०१७, एनएससीआय डोम, विजेंदर सिंग विरुद्ध चीनचा झुल्पिकार मायमायतियाली, दहा राउंड. कार्ड ९६-९३, ९५-९४, ९५-९४, तिन्ही विजेंदरकडे. दहा राउंडची साधी बेरीज १९० यायला हवी, इथे तिन्ही कार्डांवर १८९ आहे. तीन वेगळ्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांचा नेमका एकच गुण कमी आहे म्हणजे तो त्यांच्या मताने गेलेला नाही, रिंगमधल्या घटनेने गेलाय. आता तो गुण चिनी बॉक्सरला परत देऊन बघा: ९६-९४, ९५-९५, ९५-९५. फाइट ड्रॉ! निकाल एकमताने लागला असं वाचलं की आपल्याला वाटतं आरामात जिंकला, आणि कार्ड सांगतं की एका गुणावर सगळं लटकलं होतं. एकमत म्हणजे मोठा फरक नाही, हे डोक्यात पक्कं बसवा.

ठोशांच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. टीव्हीवर येणारे कॉम्प्यूबॉक्सचे आकडे मशिन मोजत नाही, रिंगजवळ बसलेली माणसं बटणं दाबून मोजतात, आणि निकालाशी त्यांचा अधिकृत संबंध काही नाही. उपयोगी आहेत पण फसवतात, आणि कसे फसवतात हे फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओच्या दोन फाइट्समधून कळतं. ९ जून २०१२ ला टिमोथी ब्रॅडलीविरुद्ध पॅकियाओचे २५३ ठोसे लागले, ब्रॅडलीचे १५९, आणि निकाल ब्रॅडलीकडे, दोन जज ११५-११३ त्याच्या बाजूने. डब्ल्यूबीओने, म्हणजे वर्ल्ड टायटल देणाऱ्या संघटनांपैकी एकीने, पाच जजना परत फाइट बघायला लावली, पाचही जणांनी पॅकियाओला दिली. मग २ जुलै २०१७, ब्रिस्बेन, जेफ हॉर्न. पॅकियाओचे १८२ ठोसे, हॉर्नचे ९२, जवळजवळ दुप्पट, निकाल हॉर्नकडे. परत बोंबाबोंब, परत डब्ल्यूबीओने पाच जज बसवले, आणि यावेळी तिघांनी हॉर्नलाच जिंकवलं, एकाने पॅकियाओला, एकाने ड्रॉ. असं कसं? कारण ठोसे अख्ख्या फाइटचे मोजले आणि गुण राउंडचे मिळतात. नवव्या राउंडला पॅकियाओने हॉर्नला इतका ठोकला की रेफरीने त्याच्या कॉर्नरला जाऊन फाइट थांबवायची ताकीद दिली, पण त्या राउंडचे मिळतात ते १०-९ च, आणि दुसरीकडे हॉर्नने थोडक्यात घेतलेला राउंडही १०-९ च. एकाच बॉक्सरचे दोन निकाल, एकच संघटना, ओरडा दोन्हीकडे सारखाच, आणि परत मोजल्यावर एक चोरी निघाली आणि एक निघाली नाही.

ब्रॅडलीच्या वेळी पाच शून्य येऊनही निकाल बदलला नाही याचा लोकांना अजून राग आहे, तर तो नियमही समजून घ्या. नेवाडात, म्हणजे लास वेगासच्या राज्यात, बॉक्सिंगवर देखरेख करणारं सरकारी कमिशन डोपिंग सोडलं तर निकाल बदलतं ते तीनच कारणांनी: निकालावर परिणाम करणारी मिलीभगत सिद्ध झाली, कार्डांच्या बेरजेत चूक सापडली, किंवा रेफरीने नियमाचा चुकीचा अर्थ लावून चुकीचा निर्णय दिला. जजचं मत चुकलं हे कारण त्यात नाही. प्रमोटर बॉब अ‍ॅरमने तेव्हा नेवाडाच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे चौकशी मागितली, ती झाली, गुन्हेगारी काही सापडलं नाही. आपल्या सरिता देवीला २०१४ च्या इंचॉन एशियाडमध्ये कोरियन बॉक्सरविरुद्धची सेमीफायनल गमवावी लागली तेव्हा निषेधाची फी भरूनही काही झालं नाही, तिने पोडियमवर ब्राँझ नाकारलं आणि वर तिच्यावरच एक वर्षाची बंदी आली. ते अ‍ॅमॅच्युअर होतं, पण भिंत तीच. ती फाइट आवाज बंद करून बघा आणि मोजा, मला आजही बघवत नाही.

आता वाईट जजिंग. फुल्यांच्या पलीकडचं कार्ड सापडलं, आता काय? लगेच पैसे खाल्ले म्हणू नका, आधी बाकीची कारणं तपासा. तीन जज रिंगच्या तीन बाजूंना बसतात, रेफरीची पाठ, बॉक्सरची पाठ, कोपऱ्यातला खांब, कुठल्यातरी क्षणी प्रत्येकाला काहीतरी दिसत नाही. पण बारा राउंड पाठ आड येत नाही, म्हणून एखादा राउंड चुकणं आणि पाच राउंड चुकणं यात फरक करा. १३ मार्च १९९९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, लेनॉक्स लुईसचे ३४८ ठोसे आणि होलीफिल्डचे १३०, तरी ड्रॉ, आणि एका जजने तर होलीफिल्डला ११५-११३ ने जिंकवलं. लुईसने मनसोक्त धुतलेला पाचवा राउंडही त्या कार्डावर होलीफिल्डचा होता. त्यावर चौकश्या बसल्या, नोव्हेंबरमध्ये परत फाइट झाली, लुईस जिंकला.

मग त्या जजच्या आधीच्या फाइट्स बघा. बॉक्सरेक साइटवर जजचं नाव टाकलं की जुनी कार्डं निघतात. तो नेहमी घरच्या बॉक्सरकडे झुकतो का, मोठ्या नावाकडे झुकतो का, बाकी दोघांपासून किती वेळा तीन-चार राउंड लांब असतो? बर्‍याच ठिकाणी जजची फी शेवटी प्रमोटरच्या खिशातून येते, कमिशन किंवा संघटनेमार्फत, आणि ज्या बॉक्सरवर तिकिटं खपतात तो जिंकला तर पुढची मोठी फाइट उभी राहते. कुणी फोन करायची गरजच नाही, जजला न सांगता कळतं कोण जिंकलेलं बरं. मला वाटतं बॉक्सिंगचं जास्त नुकसान पाकिटांनी नाही, या न बोललेल्या झुकण्याने केलंय, आणि आपण सगळ्याला फिक्स म्हणून टाकलं की हे कायम निसटतं. कधीकधी कारवाई होतेही. जुलै २०११ ला पॉल विल्यम्सला लारावर जिंकवलं त्यानंतर न्यू जर्सीच्या कमिशनने तिन्ही जज सस्पेंड केले. फेब्रुवारी २०२२ ला ग्लासगोत जॉश टेलरला कॅटरॉलवर जिंकवलं तेव्हा ११४-१११ देणाऱ्या जजची ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डाने श्रेणी खाली आणली. त्या कार्डांची बेरीज २२५ का येते ते वरच्या पद्धतीने स्वतः शोधा: आठव्यात एक नॉकडाऊन आणि दोघांचा एकेक गुण कापलेला.

खरं फिक्सिंग. याचा पुरावा स्कोअरकार्डात जवळजवळ कधीच नसतो, कारण जजपेक्षा बॉक्सर विकत घेणं सोपं आहे, तीन माणसांऐवजी एक. १४ नोव्हेंबर १९४७ ला जेक लामोटा बिली फॉक्सकडून चौथ्या राउंडमध्ये हरला. फाइटच्या आधीच सट्ट्याचे भाव फॉक्सकडे जोरात फिरले होते. कमिशनने चौकशी केली आणि शिक्षा दिली ती दुखापत लपवल्याची. खरं बाहेर आलं १९६० मध्ये, अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे लामोटाने स्वतः सांगितलं की टायटलची संधी मिळावी म्हणून तो मुद्दाम हरला. तेरा वर्षं. त्या काळात बॉक्सिंगवर फ्रँकी कार्बोसारख्या माफियाची पकड होती आणि तो १९६१ मध्ये खंडणीसाठी आत गेला. उलट बाजूला २५ मे १९६५ ची अली-लिस्टन दुसरी फाइट, पहिल्याच राउंडला लिस्टन झोपला, ठोसा कोणाला दिसला नाही, साठ वर्षं लोक फिक्स म्हणतायत आणि सिद्ध काहीच झालेलं नाही. विचित्र दिसणं हा पुरावा नव्हे.

आणि फिक्सिंग बघायचं असेल तर मेन फाइटपेक्षा तिच्या आधी होणाऱ्या छोट्या फाइट्सकडे बघा. ऑगस्ट २००० ला लास वेगासमध्ये होलीफिल्ड-रुईझ मेन फाइटच्याच कार्यक्रमात एक हेवीवेट फाइट पहिल्या राउंडला संपली, ती ठरवलेली होती म्हणून २००४ मध्ये कोर्टात लोक दोषी ठरले. तिथे तीन गोष्टी एकत्र होत्या ज्या कुठेही तपासता येतात: एका बाजूला वर चढवायचा असलेला बॉक्सर, दुसऱ्या बाजूला पैशाची गरज असलेला, आणि कोणाचं लक्ष नसलेली वेळ. रेकॉर्ड उघडा, २०-० वाल्याचे (वीस जिंकल्या, एकही हरला नाही) वीस विरोधक कोण होते ते बघा, ते त्याच्याआधीच्या किती फाइट हरलेत ते बघा. कमजोर माणसं निवडून रेकॉर्ड फुगवणं बेकायदा नाही, पण त्यातून रँकिंग मिळतं आणि रँकिंगही विकलं गेलंय, १९९९ मध्ये आयबीएफ या वर्ल्ड टायटल देणाऱ्या संघटनेचा संस्थापक बॉब ली याच्यावर त्याचसाठी खटला भरला गेला. लाचेच्या मुख्य आरोपांतून तो सुटला, मनी लाँडरिंग आणि टॅक्सच्या आरोपांत दोषी ठरून तुरुंगात गेला.

भाव बघायचे असतील तर बातम्यांतून बघा, नेवाडात बेटिंग लायसन्सवर चालतं म्हणून ते जाहीर असतात, आपल्याकडे त्यात पडूच नका, बेकायदा आहे. भाव हळूहळू फिरणं रोजचं आहे, दुखापतीची बातमी, वजनाला चुकणं. कुठलीही बातमी नसताना शेवटच्या दिवशी एकदम फिरला आणि बुकींनी बेट घ्यायच्याच बंद केल्या, तर ती तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

पुढच्या वेळी कुणी तीस सेकंदांची स्लो मोशन क्लिप पाठवून ‘उघड फिक्स’ लिहिलं तर भांडू नका, त्याला एवढंच विचारा: कितवा राउंड आहे, तिन्ही जजनी तो कोणाला दिला, आणि तू स्वतः बारापैकी किती पक्के मोजलेस? उत्तर आलं तर त्याचा कागद मागवा आणि तुमच्या कागदाशी फुल्या जुळवा, जिथे दोघांची फुली नाही आणि तिन्ही जजनी उलटं दिलंय तो राउंड दोघांनी मिळून परत बघा, आवाज बंद करून.